सरवा, वेस आणि पायतण: रूथच्या पुस्तकातला ‘सोडवणारा’

रूथचं पुस्तक चार अध्यायांचं, ८५ वचनांचं. सावकाश वाचलं तरी अर्ध्या तासाच्या आत संपतं. गोष्ट थोडक्यात अशी: बेथलेहेमची नामी मवाब देशात नवरा आणि दोन मुलगे गमावते; तिची विधवा मवाबी सून रूथ तिच्याबरोबर बेथलेहेमला येते, सासऱ्याच्या नात्यातल्या बवाजाच्या शेतात कापणीनंतर मागे राहिलेलं धान्य, म्हणजे सरवा, वेचते, आणि शेवटी बवाज त्या घराचं शेत सोडवून तिच्याशी लग्न करतो. बायबल अभ्यासाच्या वर्गात मात्र पहिल्या पाच मिनिटांतच फळ्यावर लिहिलं जातं: बवाज म्हणजे ख्रिस्त, रूथ म्हणजे मंडळी. उरलेला तास त्या एका ओळीला पुरावे गोळा करण्यात जातो. ते समीकरण साफ चुकलंय असं मी म्हणणार नाही. पण गणित न सोडवता पुस्तकाच्या शेवटचं उत्तर उतरवून घ्यावं तसं ते होतं. आणि इथं खरी गंमत गणितातच आहे: वतनाची किंमत कशी ठरते, दाणे किती निघाले, वेशीत कोण बसलं, पायतण कुणी काढलं.

म्हणून वाचायला बसण्याआधी पंधरा मिनिटं नियमशास्त्राला, म्हणजे मोशेच्या कायद्याला, द्यावीत. लेवीय १९:९-१० मध्ये सरव्याचा नियम आहे, लेवीय २५:२३-२८ मध्ये जमीन सोडवण्याचा, त्याच अध्यायात ४७ ते ४९ मध्ये माणूस सोडवण्याचा, आणि अनुवाद २५:५-१० मध्ये दिराच्या कर्तव्याचा. या चार जागी खुणेच्या चिठ्ठ्या घालून ठेवा. त्या नसल्या तर रूथचे शेवटचे दोन अध्याय नुसती प्रेमकथा वाटतात, आणि ती सुद्धा जरा विचित्र.

आता मुख्य शब्द. हिब्रूत तो ‘गोएल’. मराठी बायबलांत रूथच्या पुस्तकात त्याचं साधारणपणे ‘वतन सोडवणारा’, ‘जवळचा आप्त’ असं काहीतरी होतं, आणि ईयोब किंवा यशया उघडलं की तोच शब्द ‘उद्धारक’ होऊन येतो. भाषांतर म्हणून दोन्ही ठीक आहेत. पण त्यामुळे वेशीत बसून जमिनीचा व्यवहार करणारा गृहस्थ आणि यशयातला इस्राएलाचा देव यांना मुळात एकच शब्द लावलाय, हे मराठी वाचकाच्या लक्षात यायला वावच राहत नाही. मला विचाराल तर दोन्हीकडे ‘सोडवणारा’ म्हणावं. गहाण पडलेला दागिना सोडवतात, सावकाराकडची जमीन सोडवतात, अडकलेल्या माणसालाही सोडवून आणतात. मराठी क्रियापदाचा हा विस्तार हिब्रूच्या बराच जवळ जातो.

नियमशास्त्रात गोएलची कामं ठरलेली आहेत. भावकीतल्या कुणी गरिबीपायी जमीन विकली तर ती परत मिळवायची. कुणी कर्जापायी परक्याचा दास झाला तर त्याला सोडवायचं. त्यासाठीचा क्रमही दिलाय: आधी भाऊ, मग चुलता, मग चुलतभाऊ, मग कुळातला जवळचा कुणीही. खून झाला तर रक्ताचा सूड घेणाराही गोएलच (गणना ३५). आणि नुकसानभरपाई घ्यायला मूळ माणूस उरला नसेल तर ती घेणाराही तोच (गणना ५:८). या यादीत लग्न कुठेच नाही. ‘विधवेशी लग्न करणं हे गोएलचं कायदेशीर कर्तव्य होतं’ हे वाक्य प्रवचनांतून इतक्या वेळा ऐकू येतं, की नियमशास्त्रात तसं कलम असेल असंच वाटू लागतं. विधवेशी लग्न करायचं ते अनुवाद २५ प्रमाणे, आणि तो नियम एकत्र राहणाऱ्या सख्ख्या भावांपुरता आहे. बवाज महलोनाचा, म्हणजे रूथच्या मेलेल्या नवऱ्याचा, भाऊ नव्हता. चौथ्या अध्यायात वेशीत भेटणारा दुसरा आप्तही नव्हता. हे दोन वेगळे नियम रूथच्या पुस्तकात एकत्र गुंफले जातात, आणि ती गाठ कोण मारतं हे पाहणं महत्त्वाचं आहे.

दुसरा शब्द ‘हेसेद’. मराठीत याची कुठे ‘दया’ होते, कुठे ‘वात्सल्य’. स्तोत्र १३६ मध्ये २६ वचनांत २६ वेळा ‘त्याची दया सनातन आहे’ असं पालुपद येतं, तिथेही मूळ शब्द हेसेदच. पण मराठीत दया वरून खाली वाहते, भिकाऱ्यावर येते. हेसेद नात्यात असते. नात्यानं जेवढं बांधलंय त्याच्याही पलीकडे जाऊन, मागे हटायची मुभा असताना, धरून राहणं म्हणजे हेसेद. एका शब्दात मावत नाही. ‘निष्ठेचं प्रेम’ म्हणावं तर थोडं जवळ जाता येतं.

रूथच्या पुस्तकात हा शब्द तीनदाच येतो. पेन्सिलीनं तिन्ही जागा खुणावून ठेवाव्यात. १:८ मध्ये नामी सुनांना माहेरी परत जा म्हणते, आणि तुम्ही मेलेल्यांशी आणि माझ्याशी जशी हेसेद केलीत तशी देवानं तुमच्याशी करावी, असा आशीर्वाद देते. २:२० मध्ये ती बवाजाचं नाव ऐकते आणि म्हणते, जिवंतांवरची आणि मेलेल्यांवरची हेसेद ज्यानं सोडली नाही. हा ‘ज्यानं’ देव की बवाज, हे हिब्रू वाक्यरचनेत मोकळंच आहे आणि भाषांतरकाराला एक बाजू घ्यावी लागते. ३:१० मध्ये बवाज रूथला म्हणतो, तुझी ही शेवटची हेसेद पहिलीपेक्षा मोठी. म्हणजे तीनपैकी दोन ठिकाणी माणसांची जी हेसेद दिसते ती मवाबी बायकांची आहे. आणि मवाबी माणूस दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत येता कामा नये, असं अनुवाद २३:३ सांगतं! उद्धाराच्या गोष्टीत प्रेम फक्त सोडवणाऱ्याच्या बाजूनं आणि सुटणारी नुसती हात पसरून उभी, असं चित्र ज्यांना रंगवायचंय, त्यांची पहिली अडचण इथे होते.

पहिल्या अध्यायाबद्दल एवढंच: ‘तू जाशील तिथे मी येईन’ हे शब्द लग्नाच्या पत्रिकांवर छापतात, पण ते सुनेनं सासूला म्हटलेले आहेत. १:१४ मध्ये रूथ नामीला ‘बिलगली’ यासाठी जे क्रियापद आहे तेच उत्पत्ती २:२४ मध्ये नवरा बायकोला जडून राहतो यासाठी आहे. ‘प्रेम करणे’ हे क्रियापद तर संपूर्ण पुस्तकात एकदाच येतं, ४:१५ मध्ये, आणि तेही सुनेचं सासूवरचं प्रेम सांगायला. बवाजाचं रूथवर प्रेम होतं की नव्हतं, याबद्दल पुस्तक चकार शब्द काढत नाही.

दुसऱ्या अध्यायात सरवा. नियम असा की शेताचे कोपरे कापायचे नाहीत, कापणीत सांडलेलं परत वेचायचं नाही, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरायचं नाही. ते परदेशी, अनाथ आणि विधवेचं. रूथ या तिघांपैकी दोन खान्यांत बसते. बवाज इथे नियमाच्या किती पुढे जातो, ते मोजता येतं. गड्यांनी भरलेल्या पाण्यातलं प्यायला सांगतो. जेवायला बसवून हुरडा देतो, तो तिला खाऊन उरतो. मग गड्यांना बजावतो: तिला पेंढ्यांमध्येही वेचू द्या, उलट मुद्दाम जुड्यांमधून काही काड्या ओढून खाली टाका. सांडलेलं सोडून द्या एवढंच नियम म्हणतो. सांडवा, असं तो कुठे म्हणत नाही.

संध्याकाळी तिनं झोडपलेलं धान्य एक एफाभर सातू भरतं. एफा साधारण २२ लिटरचा धरतात, म्हणजे सातूचे सुमारे १३ किलो. याचा अंदाज बायबलमधूनच घेता येतो. रानात इस्राएल लोक मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं रोजचं अन्न, गोळा करताना माणशी रोज एक ओमेर ठरला होता आणि ओमेर म्हणजे एफाचा दहावा भाग (निर्गम १६). त्या मापानं एका दिवसाच्या सरव्यात दोघींचं पाच दिवसांचं भागतं. सरव्यात इतकं निघत नाही, हे नामीला ठाऊक असणार, म्हणूनच धान्य पाहताक्षणी ती ‘आज कुठे वेचलंस?’ विचारते आणि ज्यानं तुझी दखल घेतली त्याचं भलं होवो, असं नाव कळण्याआधीच म्हणून टाकते.

तिसऱ्या अध्यायात खळं, उपणणी आणि रात्र. इथं दोन्ही टोकांची वाचनं आढळतात: कुणी चवीनं भलतंच सुचवतं, कुणी सगळं इतकं धुवून काढतं की बाई रात्री तिथं गेली कशाला हेच कळू नये. कथेनं जाणूनबुजून शब्द संदिग्ध ठेवलेत. आपण ते तसेच ठेवावेत आणि लक्ष द्यावं ते ३:९ कडे. नामीनं सांगून पाठवलं होतं की काय करायचं ते तोच तुला सांगेल. प्रत्यक्षात रूथच त्याला सांगते: आपल्या दासीवर पांघरुणाचा काठ पसरा, कारण आपण गोएल आहात. ‘काठ’ आणि ‘पंख’ या दोन्हींना हिब्रूत एकच शब्द, कानाफ. २:१२ मध्ये बवाजानंच तिला आशीर्वाद दिला होता की ज्याच्या पंखांखाली आश्रयाला आलीस तो देव तुला पुरेपूर फळ देवो. आता ती त्याचाच शब्द त्याच्या हातात देते. प्रार्थना केलीत ना, मग पुरी करा.

आणि लग्नाची ती गाठ इथेच पडते. पांघरुणाचा काठ पसरणं ही लग्नाची मागणी आहे. यहेज्केल १६:८ मध्ये देव यरुशलेमेला वरतो तेव्हाही हाच शब्दप्रयोग येतो. गोएल हा जमिनीचा आणि कुळाचा शब्द. या दोहोंना ‘कारण’ या एका शब्दानं जोडते ती रूथ, एक परदेशी बाई, भर मध्यरात्री. कायदा इतकं मागत नव्हता. बवाज ते मान्य करतो आणि याच मागणीला हेसेद म्हणतो, कारण तिला स्वतःपुरता तरुण नवरा बघता आला असता. तिनं बघितला तो नामीचं घर उभं राहील असा.

पहाटे तो तिच्या चादरीत सहा मापं सातू घालतो. माप कोणतं ते लिहिलेलं नाही. सहा एफा धरले तर ७५-८० किलो होतात, जे चादरीत बांधून नेणं कठीण. सहा सेआ धरले, म्हणजे दोन एफा, तर २५ किलोच्या आसपास. डोक्यावरचं नेहमीचं ओझं. सहा म्हणजे सृष्टीचे सहा दिवस आणि सातवा विसावा, असलं काही काढायची गरज नाही. नामीला सांगताना रूथ जो शब्द वापरते तो पाहा: सासूकडे ‘रिकामी’ जाऊ नकोस. १:२१ मध्ये नामी म्हणाली होती, मी भरलेली गेले, परमेश्वरानं मला रिकामी परत आणलं. तोच शब्द इथं उलटा होतो.

चौथा अध्याय वेशीत घडतो. चावडीवर पंच बसतात तशी ही बैठक. बवाज नगरातले दहा वडील बोलावून बसवतो आणि येणाऱ्या आप्ताला हाक मारतो. या आप्ताला नाव नाही. हिब्रूत ‘पलोनी अल्मोनी’ म्हटलंय, आपल्याकडचा ‘अमका तमका’. बवाजाला त्याचं नाव ठाऊक नसेल हे शक्यच नाही. लिहिणाऱ्यानंच ते गाळलंय.

आता व्यवहार नीट बघा, कारण ख्रिस्ती वाचनाचा सगळा भार या पाच-सहा वचनांवर आहे. लेवीय २५ प्रमाणे जमीन कायमची विकताच येत नाही, कारण ती देवाची. योबेल वर्षी, म्हणजे दर पन्नासाव्या वर्षी, ती मूळ घराण्याकडे परत जाते. म्हणून किंमत पिकांवर ठरते: योबेलला २० वर्षं उरली असतील तर २० पिकांची, ५ उरली असतील तर ५ पिकांची. आपण विकत घेतो ती माती नसते, मधली पिकं असतात. अमका तमका आधी लगेच ‘मी सोडवतो’ म्हणतो. त्याचा हिशेब सरळ आहे. नामीला मूल होण्याचं वय गेलं, नवरा-मुलगे मेले. वारस नाही म्हणजे जमीन मागे घ्यायलाही कुणी नाही. आज गुंतवलेला पैसा उद्या आपल्याच वतनाला जोडला जाणार.

मग बवाज दुसरा पत्ता टाकतो: शेताबरोबर मवाबी रूथही आली, मेलेल्याचं नाव त्याच्या वतनावर राहावं म्हणून. आता हिशेब फिरतो. पैसा याचा जाणार, रूथला मुलगा झाला की जमीन त्या मुलाची, म्हणजे महलोनाच्या नावाची. वर नामी आणि रूथ दोघींना पोसायचं. स्वतःच्या मुलांच्या वाट्यातून काढून दुसऱ्याच्या नावावर घालायचं. ‘माझ्या वतनाचं नुकसान होईल’ म्हणून तो माघार घेतो. ४:५ मध्ये एक पाठभेदही आहे: हिब्रूत लिहिलंय ‘मी घेतली’, वाचायचं ‘तू घेतलीस’. लिहिल्याप्रमाणे धरलं तर बवाज सांगतोय की शेत तू घे, पण रूथशी लग्न मी करतोय आणि तिचा मुलगा पुढे हक्क सांगायला येईल. कसंही वाचा, आप्ताचा तोटा तोच राहतो.

जुन्या प्रवचनांतून हा आप्त म्हणजे नियमशास्त्र आणि दहा वडील म्हणजे दहा आज्ञा, असं सांगतात. ऐकायला टाळ्यांचं आहे, पण ओढून आणलेलं. तो माणूस खलनायक नाही. आपल्या हक्कात राहून त्यानं नकार दिला, जशी नामीची दुसरी सून अर्पा आपल्या हक्कात राहून माहेरी परतली. त्या दोघांनी नियम मोडला नाही, हेच तर मुद्द्याचं आहे. त्यांच्या शेजारी उभं केल्यावरच रूथ आणि बवाज नियमाच्या किती पुढे गेले ते दिसतं. पायतणाचंही तसंच. अनुवाद २५ मध्ये नकार देणाऱ्या दिराचं पायतण विधवा काढते आणि त्याच्या तोंडावर थुंकते. इथं थुंकणं नाही, विधवा हजरही नाही. तो स्वतःच पायतण काढून देतो, आणि लेखक सांगतो की पूर्वी सौदा पक्का करायची ही रीत होती. जमिनीवर पाय ठेवायचा हक्क दुसऱ्याच्या हाती दिला, एवढंच.

आता ख्रिस्ती वाचन. सोडवणाऱ्याला तीन गोष्टी लागतात असं शिकवतात: तो नात्यातला हवा, त्याची ऐपत हवी, त्याची तयारी हवी. ही विभागणी कथेतूनच निघते. अमका तमका पहिल्या दोन्हींत पास आणि तिसरीत नापास. पहिली अट इब्री लोकांस पत्र २:१४-१७ शी जुळते: मुलं रक्तामांसाची म्हणून तोही रक्तामांसाचा झाला, सर्व बाबतींत भावांसारखा. देवानं दुरून हुकूम सोडून कुणाला मोकळं केलं असतं तर तो राजा ठरला असता, गोएल नव्हे. गोएल व्हायला आधी भावकीत यावं लागतं. ‘देव माणूस का झाला’ या प्रश्नाचं यापेक्षा घरगुती उत्तर मला तरी सापडलेलं नाही.

पण एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. बवाज ख्रिस्ताची प्रतिमा आहे असं नवा करार कुठेच म्हणत नाही. मत्तय १:५ मधल्या वंशावळीत रूथचं नाव येतं, एवढंच. ‘मुक्ती’, ‘खंडणी’ असे जे ग्रीक शब्द नव्या करारात येतात त्यांची मुळंही रूथच्या ग्रीक भाषांतरात नाहीत. तिथं सेप्टुआजिंटनं, म्हणजे जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरानं, गोएलसाठी नुसता ‘जवळचा आप्त’ अशा अर्थाचा शब्द घेतलाय. दाम देऊन सोडवण्याचा ग्रीक शब्द निर्गम ६:६ मध्ये आणि यशयात येतो. म्हणून रूथकडून थेट वधस्तंभाकडे उडी मारली की पाय अधांतरी राहतो. मधे यशयाची पायरी आहे, आणि ती भक्कम आहे. ५४:५ मध्ये देव सियोनेला, म्हणजे यरुशलेमेला, म्हणतो, तुझा कर्ता तुझा पती आहे, इस्राएलाचा पवित्र तुझा गोएल. तीन वचनं पुढे, ५४:८ मध्ये: सनातन हेसेदनं मी तुझ्यावर करुणा करीन, असं परमेश्वर तुझा गोएल म्हणतो. पती, गोएल आणि हेसेद, खळ्यावरची ती सगळी गाठ चार वचनांत. सियोनाकडे येणारा गोएल यशया ५९:२० मध्ये आहे, आणि तेच वचन पौल रोमकरांस ११:२६ मध्ये उद्धृत करतो. या वाटेनं गेलं तर एकही सांधा ओढूनताणून जुळवावा लागत नाही.

किंमतीबद्दलही सांभाळून. बवाजानं किती दिले हे पुस्तकात नाही. रूथला त्यानं ‘विकत घेतलं’ यावर जोर दिला की ती बाई वस्तू होते, आणि खळ्यावर जिनं मागणी घातली तिचं तोंड बंद होतं. बवाजाचा खरा खर्च चांदीत नव्हता. आपला मुलगा दुसऱ्याच्या नावानं मोजला जाईल, हे त्यानं मान्य केलं.

आणि शेवटी ते वचन, ज्यावरून बहुतेक लोक भरभर पुढे जातात. ४:१४ मध्ये गावच्या बायका नामीला म्हणतात: परमेश्वर धन्य, त्यानं आज तुला गोएलवाचून ठेवलं नाही. हा गोएल कोण? बवाज म्हणावं तर पुढचं वचन अडतं: तो तुझा जीव परत आणील, म्हातारपणी तुला सांभाळील, कारण तुझ्यावर प्रेम करणाऱ्या सुनेनं त्याला जन्म दिलाय. गोएल म्हणजे बाळ. बेथलेहेमात जन्मलेलं, अजून मान धरायची आहे असं बाळ, आणि शेजारणी त्याचं नाव ठेवतात ओबेद, म्हणजे सेवा करणारा. फळ्यावरच्या समीकरणापेक्षा हे कितीतरी पुढचं आहे. ख्रिस्ती वाचकाला जे हवंय ते लेखकानं बवाजाच्या नव्हे, पाळण्याच्या बाजूला ठेवलंय.

नामी त्याला उराशी घेते. मग वंशावळ येते, पेरेसापासून दावीदापर्यंत दहा नावं. ज्याचं नाव राहावं म्हणून वेशीत सगळा खटाटोप झाला, त्या महलोनाचं नाव तिच्यात नाही. आपलं वतन जपणाऱ्या आप्ताला तर आधीच नाव नव्हतं. सातव्या जागी लिहिलंय बवाज, आणि त्याच्यापुढे, त्याचाच मुलगा म्हणून, ओबेद.